सेक्रेटरींचा कळवळा

गेल्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता पर्वत पाटिया भागातल्या आमच्या सोसायटीत रूथमावशींची प्रार्थना बंद पाडण्यात आली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून त्यांची जालन्याकडची सहा माणसं खोलीत बसून गात होती.

बंद पाडणारे आमचे सेक्रेटरी. फार कनवाळू माणूस. परदेशात कुठं चर्च जाळलं की व्हिडिओ सगळ्यात आधी यांच्याकडे येतो. मग जिन्यात अडवून दाखवतात, छातीवर हात ठेवून उसासा टाकतात. "बघ बेटा, साधी प्रार्थना करू देत नाहीत. कसली माणसं!" त्या रविवारीही मला दाखवला, उसासा टाकला, मोबाइल खिशात घातला आणि मावशींचं दार वाजवलं.

"मावशी, माझं पर्सनल काही नाही हां. नाताळात तुमचा केक पहिला मीच खातो ना? पण लोकांना वाटतं, इथं धर्मांतर चाललंय."

"कोणाचं हो, भाऊ? आम्ही सगळे आधीपासूनच ख्रिस्ती."

सेक्रेटरी हसले, अगदी प्रेमानं. मग घरूनच टाइप करून आणलेला कागद काढला : घरात पुन्हा प्रार्थनेला माणसं जमवणार नाही. मावशींनी सही केली, कारण खोली भाड्याची आहे. खाली साक्षीदार म्हणून अकरा शेजाऱ्यांनी केली, कारण सेक्रेटरींनी पेन पुढे केलं.

त्या अकरा जणांनो, हे पत्रक तुमच्याच दारात टाकलंय. आजच सेक्रेटरींकडे जा, तो कागद मागा आणि आपापली सही खोडा.