गरम ब्लेडच्या खाचा
टायर पॉलिशचा वास आला की ऑफिसातला तो सीनियर आठवतो. "जयपुरात आपण मराठी माणसंच एकमेकांना फसवणार का?" म्हणत त्याने मला आपली जुनी गाडी विकली होती. टायर काळेभोर होते, खाचा खोल दिसत होत्या. आठवड्याने मुरलीपुऱ्यातल्या टायरवाल्याने खाचेत बोट फिरवलं. झीज दाखवणारा तळाचा उंचवटा तिथे नव्हताच. "मॅडमजी, घिसे टायर में गरम ब्लेड से नाली काटी है, कभी भी फटेगा." मी जाब विचारला, तर सीनियर हसून म्हणाला, "विकताना सगळेच करतात." दरवर्षी त्याच्याकडून गणपतीचं आमंत्रण येतं, पण मी त्याच्या घराची पायरी चढत नाही. गाडी घ्यायला गेले होते, तेव्हा माझी तान्ही मुलगी त्याच्याच मांडीवर खेळत होती.