एका घरात एकच तार

हिंगोलीत आमच्या गल्लीत घरी इंटरनेट घ्यायचं तर दोनच वाटा होत्या. एक टेलिफोनच्या तारेवरून येणारं, दुसरं केबलवाल्याचं, गच्च्यांवरून वायर ओढत आणलेलं. आमच्याकडे टेलिफोनवालं होतं. एखादा फोटो उघडायला लावून मी चहा करून यायचे, तरी नुसतं कपाळच दिसत असायचं. समोरच्या घरी केबलचं धडाधड चालायचं आणि माझा जळफळाट व्हायचा.

"दोन्ही घेऊ ना," मी बाबांना म्हणायचे.

"एका घरात दोन तारा कशाला?" बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि फोन काढायचा नव्हता, त्याला कारण शेजारच्या काकू. गल्लीत पहिला फोन आमच्याकडे आला, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या माणसांना आमचाच नंबर देऊन टाकला होता. पीपी नंबर. पुढे एकेकाकडे फोन आले, काकू तेवढ्या राहिल्या. नवरा गेलेला, एकुलता मुलगा पुण्याला नोकरीला. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. काकू धुतलेलं लुगडं नेसून बऱ्याच आधी यायच्या आणि आईबरोबर शेंगा फोडत बसायच्या. मुलगा आधी बाबांना जय भीम करायचा, मग रिसीव्हर काकूंकडे. "जेवलास का? आमी बरे हाओत." झालं बोलणं! मग तो काय म्हणाला हे आईला सांगण्यात दिवेलागण व्हायची. काकू मला फार आवडायच्या. पण माझं इंटरनेट त्यांच्यापायी अडलंय म्हणून रागही यायचा.

एकदा सुट्टीत आला तेव्हा मुलानं काकूंना मोबाइल आणला. मी लगोलग केबलवाल्याला निरोप धाडला. बाबांकडेही आता सबब उरली नव्हती. तरी ते काकूंना विचारायला गेले, मी मागोमाग.

"वहिनी, फोन काढून टाकावा म्हणतो. तुमाला काई तकलीफ न्हाई ना?"

"मला काहून तकलीफ? काढा की." काकू पदरानं मोबाइल पुसत राहिल्या. "पन मंग आयतवारी मी कोन्या निमित्तानं येऊ तुमच्याकडं?"

"आपल्या घरी यायला निमित्त कशाला लागतं?" बाबा म्हणाले.

"तुमाला न्हाई लागत. एकट्या बाईला लागतं."

संध्याकाळी केबलवाला वायरचं भेंडोळं खांद्यावर घेऊन दारात आला. त्याला मीच परत पाठवलं.