अर्ध्या ताटावरून उठलेले सुभेदार

सुभेदार चहाचा कपसुद्धा आवाज न करता खाली ठेवायचे. सैन्यातली सारी नोकरी जमिनीत पुरलेले जुने सुरुंग आणि बॉम्ब काढण्यात गेली. आमच्या घोडपदेवच्या चाळीत एकटेच येऊन राहिले, तरी हातांचं ते वळण गेलं नाही.

गणपतीच्या मंडपासाठी पोरं पहार मारू लागली, की हे हटकून शेजारी उभे. "काय सुभेदार, निघाला का बॉम्ब?" पोरं खेचायची. ते शांतपणे सांगायचे, "गंज लागतो तो वरच्या लोखंडाला रे. आतला मसाला मातीत राहून मरत नाही. उलट जुना झाला की चिडका होतो, धक्का सोसत नाही."

कुणाच्या घरी मात्र ते जेवत नसत. कारण एकदाच सांगितलं, तेही माझ्या आईला. पथकातल्या जोडीदाराने रात्री घरी जेवायला बोलावलं होतं आणि दुपारी पुरात सरकलेल्या सुरुंगावर त्याचा पाय पडला. त्या घरी सुभेदार गेले ते ही बातमी घेऊन.

चाळ पाडायचं ठरलं, बिऱ्हाडं हलू लागली, तेव्हा आई हट्टालाच पेटली. "भावजी, जाताना तरी एक घास खावा माझ्या हातचो." आले बिचारे. सुरमईचं कालवण, भात. चक्क हसत जेवत होते. खारातल्या कैऱ्या काढायला आईने बरणीवरचं वजन उचललं आणि ओट्यावर आपटलं. आजोबांना गोदीत सापडलेला निमुळता लोखंडी ठोकळा होता तो. वर्षानुवर्षं त्यानेच कैऱ्या दाबायच्या.

सुभेदारांचा घास हातातच राहिला. "वहिनी, त्याला आता हात लावू नका. सगळे खाली चला."

पोलिसांचं पथक आलं आणि तो तोफगोळा वाळूत ठेवून घेऊन गेलं. आतला मसाला शाबूत होता.

संध्याकाळी आई ताट गरम करून त्यांच्या दाराशी गेली. "अर्ध्यावरून उठलात. असां कोण करता?" ते दारातच बसून जेवले. रिकामं ताट त्यांनी खाली ठेवलं, ते पहिल्यांदाच आवाज करून.  आई उंबऱ्याशी बसून राहिली.

मग चाळभर त्यांचंच कौतुक. जो तो खोलीशी थांबून गोळ्याची हकीकत विचारायचा, आणि तेही न कंटाळता सांगायचे. हळूहळू खोल्या रिकाम्या झाल्या. आम्ही जुने चाळकरी अजून लग्नाकार्यात भेटतो, सुभेदारांचा विषय निघतोच, आणि ते आता कुठे असतील, इथे येऊन अडतो. चाळ सोडून ते कुठे राहायला जाणार, हे आमच्यापैकी कुणीच त्यांना विचारलं नव्हतं.