गहू न पडणारी चक्की

हुसेनचाचा गेल्याचं कळलं तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. शेजारणीनं दारातूनच सांगितलं, "चाचा गेले म्हणं, सिल्लोडला, लेकीकडं. दुपारी जेवले, जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत." आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिला विचार चाचांचा आलाच नाही. मला वाटलं, आता माझ्या मुक्ताचं दळण कोण दळणार? मग माझी मलाच लाज वाटली. सूप बाजूला सारलं आणि बसून रडले. या गोष्टीला आता दीड महिना झाला... आज लिहायला बसले, कारण काल मनावरचं एक ओझं उतरलं. त्यासाठी मागची सगळी हकिकत सांगायला हवी.

चाचांची पिठाची चक्की बजाजनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी. मुक्ता माझी लेक. आज हर्सूलच्या एका शाळेत शिकवते, पण चार वर्षांची असताना ती हाती लागेल की नाही, याची खात्री नव्हती. आमच्या गावाकडं पोळी म्हणजे पाहुण्याची, घरच्यांना भाकरी. लग्न होऊन इथं आले, नवरा कंपनीत लागला आणि आमच्याकडं रोज पोळी सुरू झाली. मला त्याचा लई तोरा. पोरीच्या बालवाडीच्या डब्यात तूप लावून पोळी द्यायचे आणि दुसऱ्या बायांना दिसेल अशी द्यायचे. त्यातच पोरगी वाळायला लागली. पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे, सारखी हगवण, केस विंचरले की फणीत पुंजका. ती जितकी खंगली तितकं मी तिला रव्याचा शिरा, दुधात कुस्करलेलं बिस्किट, शेवयांची खीर असं चारत गेले. अंगात ताकद यावी म्हणून.

शेवटी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, हिला गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही, गहू जन्मभर बंद. पोळी, पाव, टोस्ट, खारी हे कुणालाही कळेल हो. पण रवा म्हणजे गहूच, मैदा म्हणजे गहूच, शेवया आणि कुरडया गव्हाच्याच. सातूचं पीठही चालायचं नाही. बाजारच्या हिंगाच्या डबीतसुद्धा बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, हे तर मला स्वप्नातही सुचलं नसतं. मी घरी येऊन रडत माझ्या आईला म्हटलं, "मग राहिलं काय?" आई शांतपणे म्हणाली, "ज्वारी राहिली की. बाजरी हाय, तांदूळ हाय, मका हाय. तू काय खाऊन वाढलीस?" त्या दिवशी मी घरातला सगळा गहू नणंदेकडं पोचवला आणि आम्ही सगळेच भाकरीवर आलो.

तरी पोरीला म्हणावा तसा गुण येईना. चार दिवस बरी, परत पोट फुगलेलं. सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं रोखून बघितलं आणि विचारलं, चोरून काही देता का? मला इतका राग आला की काय सांगू. मग त्यांनी विचारलं, दळण कुठं करता?

आता चक्कीची रीत अशी, की डबे रांगेनं ठेवायचे, आणि चक्कीवाला ज्वारीमागं ज्वारी, गव्हामागं गहू असं दळत जाणार. पण मुक्ताला कडेवर घेऊन मी गेले की चाचा रीत मोडायचे. "पोरगी उपाशी असंल, आणा इकडं," म्हणून रांगेतल्या बायांना डावलून आमचा डबा मधेच घ्यायचे. आधी गहू चालू असला तर गव्हावरच आमची ज्वारी पडायची. आणि मी नंबर आधी लागला म्हणून खुशीत घरी यायचे.

दवाखान्यातून मी तडक चक्कीवर गेले. चार बायांच्या देखत तोंडाला येईल ते बोलले. "तुमच्या पायी माझी पोरगी मरायला टेकली," असंही बोलले. चाचांनी पट्टा थांबवला. दगड उघडला, आतून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं पिवळसर पीठ बराच वेळ बघितलं. "हे तर गव्हाचं हाय, ताई," एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता हा माणूस मला परत दारात उभं करायचा नाही.

तिसऱ्या दिवशी स्वतःच घरी आले. त्यांच्याकडं दोन चक्क्या होत्या, एक थोरली, एक धाकटी. धाकटीचे दगड त्यांनी खाली घेतले, घासून पुसून छिन्नीनं नव्यानं टाकी लावली, पीठ पडायची कापडी नळी फेकून नवी शिवली आणि दोन दिवस नुसती ज्वारी दळून ते पीठ शेळ्यांना घातलं. "आता हिच्यात गहू पडायचा नाय. मी हाय तोवर तरी नाय," म्हणाले. आणि पुढं वीस वर्षं पडला नाही. दिवाळीत गव्हाच्या डब्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची, धाकटी मोकळी उभी असायची, बाया कटकट करायच्या. चाचा वर न बघता म्हणायचे, "ती मुक्ताची हाय." वाद तिथंच संपायचा. ईदला आमच्याकडं तांदळाची खीर वेगळ्या भांड्यातून यायची, आणि आणणारा आधी सांगायचा की शेवयांचा डाव हिला लागलेला नाही. मुक्ता लिहायला शिकली तेव्हा तिनं 'मला चालत नाही' असा मथळा घालून सगळी यादी एका पुठ्ठ्यावर लिहिली. चाचांनी तो पुठ्ठा धाकटीच्या वर खिळ्याला अडकवला. धाकटी वेगळी केल्यापासून सहा महिन्यांतच पोरीच्या चपला लहान झाल्या होत्या. त्या लहान झालेल्या चपला हातात घेऊन मी चक्कीवर दाखवायला गेले होते.

माझं ते बोलणं मात्र मला सलत राहिलं. सिल्लोडला जायच्या आधी चाचा थकले होते, चक्कीच्या पायरीवर नुसते बसून असायचे. तेव्हा एकदा धीर करून म्हटलं, "चाचा, त्या दिवशी मी लई वंगाळ बोलले." ते हसले. "बरं झालं बोलल्या. नाय तर मी लाडानंच मारली असती पोरीला." किती हलकं वाटलं मला... तीच आमची शेवटची भेट.

ते गेल्यावर आठ दिवसांत चक्की सुरू झाली. आवाज घरापर्यंत यायचा, पण एकीचा की दोघींचा, कान देऊनही कळेना. माझा पाय निघेना. एकदा गहू पडला की पडला, परत कोण दगड उतरवतंय? घरातलं पीठ संपलं, आम्ही भातावर दिवस काढले. मुक्ता म्हणाली, "आई, विचार तरी." काल शेवटी डबा उचलला.

चाचांची सून रेश्मा थोरलीवर होती. पुठ्ठा खिळ्याला तसाच, पिठानं पांढरा झालेला. रांगेत सगळा गहू, आणि धाकटी बंद. पुढची बाई कंटाळली होती. डबा उचलून म्हणाली, "ही मोकळीच हाय की. हिच्यात टाक ना माझं."

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत रेश्मा वर न बघता म्हणाली, "नाय. ती मुक्ताची हाय."

मी डबा पुढं केला.