परक्या कपाटाची नोटीस

भिलाईत सरकारी क्वार्टर मिळालं, तेव्हा आधी राहून गेलेल्या माणसाचं लोखंडी कपाट बैठकीतच उभं होतं. बाबांनी ऑफिसात विचारलं. बाबू म्हणाला, "हात नका लावू. त्यायले नोटीस पाठवून राहिलो." नोटीस गेली त्याच्या शेवटच्या पत्त्यावर, म्हणजे आमच्याच दारात. आईने सही करून घेतली.

मग दरवर्षी एक यायची. माणूस इथे राहत नाही, असं बाबा लिहून कळवायचे. पण सही होते म्हणजे माणूस आहे, असं ऑफिसचं म्हणणं.

बाबा रिटायर झाल्यावर आम्ही कपाट तिथेच ठेवून कोहक्याला आलो. ऑफिसने लगेच पंचनामा केला: मागे सोडलेलं सामान, कपाट एक, बाबांचं. तशी नोटीसही पाठवली म्हणे. आम्हाला काही मिळाली नाही. तिथल्या नव्या बाईंनी सही केली असणार.