काळे तीळ आणि माझी लेक

परवा नातीनं बाजारातून तिळाच्या पेस्टची बाटली आणली आणि माझ्या पोळीला लावून दिली. आजी, यात कॅल्शियम असतं, लोह असतं, म्हणाली... घास तोंडात फिरेना. मला बहात्तरचा दुष्काळ आठवला.

आमचं गाव जाफराबादकडचं. मी पंधरा दिवसांची बाळंतीण, आणि पोटाला रेशनच्या मिलोची, त्या परदेशी तांबड्या ज्वारीची, अर्धी भाकर. अंगावरचं दूध आटलं... लेक ओढून ओढून थकायची आणि तोंड फिरवायची.

घरात वाटीभर काळे तीळ होते. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, त्या दिवशी पाणी सोडायला म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते मडक्यात जपून ठेवले होते. त्यांना वाईट म्हणू नका. स्वतः चतकोरावर दिवस काढायच्या. त्यांची भीती वेगळीच होती. "त्यायला तहानलेलं ठिवलं तं लेकराच्या मुळावर येईल," म्हणायच्या.

खडी फोडायच्या कामावर माझ्या शेजारी गयाबाई बसायची, बौद्धवाड्यातली. ती लेकराला बघायला आली आणि रीतीप्रमाणे अंगणातच थांबली. पोरीकडं एकदा बघितलं आणि आत्याबाईंना म्हणाली, "बाई, तीळ वाटून हिला चारा. मेलेल्या माणसाला काय दूध पाजायचंय?"

"तुमी सोडलं ते सगळं. आमच्यातलं बोलू नको."

"सोडलं ना. पर आमचा म्हातारा अजून पाणी मागाया आला न्हाई."

आत्याबाई आत निघून गेल्या. सुनेनं बोलायचे ते दिवस नव्हते.

तिसऱ्या दिवशी लेकीचं रडणं बंद झालं. तेव्हा आत्याबाईंनी मुकाट्यानं मडकं उतरवलं. तीळ भाजले, मिठाचा खडा टाकून पाट्यावर तेल सुटेपर्यंत वाटले. सकाळी भाकरीवर, दुपारी कोमट पाण्यात कालवून, संध्याकाळी नुसतं बोटानं... मला चारत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे लेक गेली.

आणि त्यानंतर दोन दिवसांनी मला दूध आलं. तिळानं आलं की पोटात काही गेलं म्हणून, मला सांगता येत नाही. छाती दगडासारखी झाली, लुगडं भिजायचं... आणि पाळणा रिकामा.

गयाबाईची सून तेव्हा तापानं फणफणली होती, तिचं चार महिन्यांचं पोर उपाशी रडायचं. आत्याबाई उठल्या आणि बौद्धवाड्यात गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा. गयाबाईला पोरासकट घेऊन आल्या. ती सवयीनं अंगणात थांबली.

"आत ये," आत्याबाई म्हणाल्या. "मला उशीर झाला, गयाबाई."

गयाबाई उंबरा ओलांडून आत आली, पोर माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. तो हात मी विसरले नाही.

तेव्हापासून एक खोड लागलीय मला. कुणाकडं बारशाला गेले की सगळ्याजणी पाळण्याकडं जातात... मी स्वयंपाकघरात जाऊन विचारते, बाळंतीण जेवली का?