विंचवाची पूड

फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधीची ती वर्षं. माझा नवरा एका स्टेडियमच्या साइटवर सर्व्हेयर होता आणि आम्ही आखातात, फरीज बिन ओमरान नावाच्या वस्तीत राहायचो. त्याच्याबरोबर एक चिनी गृहस्थ काम करायचे, पन्नाशीचे, कॅम्पवर एकटेच राहणारे. एका सकाळी चूळ भरताना त्यांच्या तोंडातून पाणी एका बाजूनं गळायला लागलं. आरशात बघतात तो अर्धा चेहरा लोंबलेला, डावा डोळा मिटेना.

नवऱ्यानंच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, "बहुतेक जण बरे होतात, धीर धरा" म्हणाले. पण त्यांना धीर धरवेना. माणसं बघतात म्हणून ते जेवायलाही वेगळे बसायला लागले.

एका शुक्रवारी ते आमच्या घरी आले. खिशातून कागदाची पुडी काढून म्हणाले, "बायकोनं पाठवलंय. हे कुटायला काही मिळेल का?"

पुडीत वाळलेले विंचू होते. दहा-बारा, नांग्यांसकट.

मी तडक उठून आत गेले. मी महाडकडची. माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना त्यानं लाकडांच्या ढिगात हात घातला आणि त्याला विंचू चावला. घामानं भिजला, हातपाय गार पडले. तालुक्याला पोचेपर्यंत तो राहिला नाही.

नवरा मागोमाग आला. "अगं, मी नाही म्हणून सांगतो त्यांना."

मी बाहेर आले. ते रुमालानं डोळा टिपत होते. पुडीवर बारीक चिनी अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. मी विचारलं, "काय लिहिलंय?"

"जेवणानंतर चिमूटभर घे. आणि काळजी करू नकोस."

"द्या इकडे," मी म्हटलं, "मी कुटते. पण डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घ्यायचं नाही."

खलबत्त्यात ते सुक्या जवळ्यासारखे कुरकुर मोडले. वासही तसाच, खारट. ते शेजारी उभं राहून सांगत होते, "घरी असतो तर गरम दारूतून घेतलं असतं. इथे गरम पाणी. आमच्याकडे पाहुणे आले की तळूनही वाढतात."

"विंचू? पाहुण्यांना?"

"मानाच्या पाहुण्यांना."

मला हसू आलं, आणि त्याच दमात मी भावाचं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला ठाऊक असतं तर आणलं नसतं."

"म्हणूनच आधी बोलले नाही."

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पुडीतली अगदी थोडी पूड घ्यायला हरकत घेतली नाही. गोळ्या मात्र थांबवायच्या नाहीत, असं बजावलं. दोनेक महिन्यांत त्या गृहस्थांचा चेहरा सरळ झाला. गोळ्यांनी, पुडीनं की आपोआप, देव जाणे. पुढे त्यांची दुसऱ्या देशात बदली झाली.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं होतं. वाटलं होतं, ती चिडेल. पण ती दर आठवड्याला विचारायची, "तो माणूस बरा झाला का गं?" शेवटी मी हो म्हटलं, तेव्हा "बरं झालं बाई" म्हणाली. आणि इतक्या वर्षांत कधी काढला नव्हता तो भावाचा विषय तिनं आपणहून काढला. तो कसा हट्ट करायचा, कुठल्या झाडावर चढायचा, सगळं. मी फोन कानाला लावून ऐकत राहिले.